ग्रुपवर फिरणारा आकडा आणि दप्तरातला आकडा

प्रश्न थोडक्यात असा. साधारण अडीच हजार वस्तीच्या गावात पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका सदस्य ताईंनी लिहिलंय, की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आपल्या गावाला एका वर्षात केंद्राकडून 42 लाख आले, गेले कुठे?" असा निरोप मोबाइलवरच्या एका पानाच्या फोटोसकट फिरतोय. शिवाय "घरपट्टी भरली की जागा आपली होते", "ग्रामसभेनं ठरवलं की कोर्टही काही करू शकत नाही" अशा गोष्टी लोक छातीठोकपणे सांगतात. यातलं खरं किती, आणि उत्तर द्यायचं तर कसं?

ताई, माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. सुरुवात ग्रामसेवक म्हणून, शेवटची वर्षं पंचायत विस्तार अधिकारी म्हणून. शेकडो तक्रारअर्ज वाचले, त्यांच्या चौकश्या केल्या. त्यावरून सांगतो, गावातल्या बहुतेक अफवा कुणी बसून रचलेल्या नसतात. लोकांना अर्धा कागद दिसतो आणि उरलेला अर्धा ते अंदाजानं भरतात. म्हणून उत्तर देताना पहिला शोध घ्यायचा तो त्या अर्ध्या कागदाचा.

तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. तो ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरचा आहे, म्हणजे कागद खरा आहे. पण ते पान आराखड्याचं आहे. ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते, त्यात त्या वर्षी कुठली कामं घ्यायची ते लिहिते आणि प्रत्येक कामापुढे अंदाजे रक्कम मांडते. त्यात वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा, निधी असतो, रोजगार हमी असते, स्वनिधी म्हणजे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, कधी कधी इतर योजनांतून मिळेल असं धरलेलं कामही असतं. त्या सगळ्याची बेरीज म्हणजे तिजोरीत आलेला पैसा नव्हे. त्याच संकेतस्थळावर जमा आणि खर्चाचा अहवाल वेगळा असतो. वर्ष आणि योजना निवडली की प्रत्यक्ष किती जमा झालं, किती खर्च पडलं आणि कुठल्या व्हाउचरनं पडलं, हे तिथे दिसतं. 2020 च्या एप्रिलमध्ये हे संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून ते सगळ्यांना खुलं आहे, पासवर्ड लागत नाही.

आकडा पटण्यासारखा आहे का, हे संकेतस्थळ न उघडताही ताडता येतं. 2020-21 मध्ये पंधराव्या वित्त आयोगातून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी 5,827 कोटी रुपये ठरले. त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची ग्रामीण लोकसंख्या 6 कोटी 15 लाखांच्या आसपास. हिशेब केला तर माणशी साडेसातशे रुपयांच्या जवळपास येतात. अडीच हजारांच्या गावाला साधारण 19 लाख. वाटपात थोडा वाटा क्षेत्रफळालाही असतो, म्हणून विस्तीर्ण शिवार आणि विरळ वस्ती असलेल्या गावाला थोडं जास्त मिळतं, पण दुप्पट नाही. पुढच्याच वर्षी देशभराची रक्कम 60,750 कोटींवरून 44,901 कोटींवर आली, तेव्हा गावाचा आकडाही त्याच प्रमाणात उतरला. त्यामुळे तुमच्या गावाला एका वर्षात वित्त आयोगाचे 42 लाख आले, हे होणं जवळजवळ अशक्य आहे.

आलेले पैसेही हवे तसे वापरता येत नाहीत. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली 40 टक्के अबंधित, पण तिच्यातूनही पगार किंवा कार्यालयाचा खर्च भागवता येत नव्हता. "पैसे पडून आहेत तरी रस्ता करत नाहीत" ही तक्रार मी अनेक गावांत ऐकली. बऱ्याचदा पडून असलेला पैसा पाण्याचा किंवा गटाराचा असायचा आणि रस्त्याला तो लावणं हीच लेखापरीक्षणातली मोठी चूक ठरली असती. लोकांना हे कुणी सांगितलेलं नसतं, मग त्यांनी संशय घेतला तर दोष त्यांचा नाही.

आता "सरपंचानं एकट्यानं पैसे काढले" याबद्दल. वित्त आयोगाचं देयक निघायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याची आणि सरपंचाची, दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. ग्रामनिधीचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्याचा, चेकही दोघांच्या सहीनं वटतो. (2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं. गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून मीही पुढे तसंच लिहितो.) तेव्हा एकट्यानं पैसे काढणं नियमात बसत नाही. पण इथे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. स्वाक्षरीची ती छोटी पेनड्राइव्हसारखी चावी अनेक गावांत संगणक चालकाच्या ड्रॉवरमध्ये असते, पासवर्ड कागदावर लिहून तिलाच चिकटवलेला असतो. महिला सरपंच असेल तर चावी नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, म्हणजे हा प्रश्न एखाददुसऱ्या गावाचा नाही. "ती नावाला सरपंच, कारभार भाऊच बघतात" हे लोक इतकं सहज बोलतात की तसा काही नियमच असावा असं वाटतं. नियम नाही. सरपंचाच्या नवऱ्याला मासिक सभेत बसण्याचाही हक्क नाही. आणि पुढे अपहार निघाला, तर वसुली सही करणारीवर लागते. नोटीस तिच्या नावानं येते, पद तिचं जातं, बोजा तिच्या जमिनीवर चढतो. अशा बाया माझ्यासमोर चौकशीला बसल्या आहेत. ज्या कामाची त्यांना माहितीही नव्हती, त्याचा जबाब द्यायला. ताई, तुम्ही सदस्य आहात. तुमच्या सरपंच बाई असतील तर सर्वांत आधी त्यांना एवढंच सांगा, की चावी स्वतःजवळ ठेवा आणि देयक वाचल्याशिवाय लावू नका.

घरपट्टीकडे येतो, कारण यातल्या गैरसमजानं घरं उद्ध्वस्त होतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कुठल्या मिळकतीवर किती कर, आणि तो कुणाकडून घ्यायचा, एवढ्यासाठी ती असते. तिच्यात नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. गोंधळ वाढतो तो तलाठ्याकडच्या आठ-अ मुळे. तो महसुलाचा खातेउतारा, शेतजमिनीचा. गावात दोन्हींना "आठचा उतारा" म्हणतात आणि बँकेत, भांडणात, खरेदीत एकाच्या जागी दुसरा पुढे करतात. मी एका गावात पाहिलं, की दोन भावांनी नमुना 8 वर विसंबून गावठाणातली जागा विकत घेतली, पैसे मोजले, आणि नंतर कळलं की विकणाऱ्याकडे मालकीचा एकही कागद नव्हता. घरपट्टीच्या पंचवीस वर्षांच्या पावत्या मात्र व्यवस्थित फायलीत लावलेल्या होत्या.

गावठाणातल्या मालकीसाठी आता मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) होते आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातून राज्यात या कामाची सुरुवात झाली. भूमी अभिलेख खातं चौकशी करून पत्रिका देतं. ड्रोन आला तेव्हा "सरकार घरं ताब्यात घेणार" अशी आवई उठली आणि काही लोकांनी चौकशीच्या दिवशी दारं लावून घेतली. नुकसान त्यांचंच झालं, कारण हद्दी दाखवायला आणि कागद द्यायला तोच दिवस होता. तुमच्या गावात पत्रिका व्हायची राहिली असेल किंवा नाव चुकलं असेल, तर दुरुस्तीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात द्यायचा, ग्रामपंचायतीत नाही.

गायरानातल्या घरांचंही तसंच. अतिक्रमणाची नोंद करून ग्रामपंचायत कर घेते, कारण तिथे राहणारा माणूस पाणी आणि दिवाबत्ती वापरतो. कर घेतल्यानं अतिक्रमण कायम होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दल सर्व राज्यांना आदेश दिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या राज्यानंही त्यावर शासन निर्णय काढला. गरिबांना घरकुलासाठी जागा देण्याची वाट वेगळी आहे आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडून जाते. सरपंचानं ठराव दिला म्हणून गायरान कुणाच्या नावावर होत नाही. निवडणुकीच्या तोंडावर असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे तो अधिकार कुठून आला एवढं विचारा.

वारसाचंही इथेच सांगतो. ग्रामपंचायत देते तो वारसांबाबतचा दाखला किंवा ठराव स्थानिक माहितीपुरता असतो. सातबाऱ्यावर वारस लावायचे तर तलाठी वारस नोंदवहीत घेऊन फेरफार करतो, आणि कायदेशीर वारस प्रमाणपत्र लागलं तर ते दिवाणी न्यायालयातून मिळतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर बहिणींची नावं गाळून पुढे सगळं उरकून घेण्याचे प्रकार होतात, आणि "सरपंचाची सही आहे" म्हटल्यावर बहिणी गप्प बसतात. त्या सहीनं त्यांचा हक्क जात नाही. हे तुमच्या महिला सभेत जरूर सांगा.

आता ग्रामसभा. "ग्रामसभा सर्वोच्च" हे वाक्य मला मनापासून आवडतं आणि म्हणूनच त्याचा गैरवापर सहन होत नाही. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, सूचना सात दिवस आधी काढावी लागते. गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. लोक जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली, तर "सभा रद्द, विषय संपला" असं गाव समजतं आणि घरी जातं. तसं नसतं. तहकूब सभा पुढे बोलावली की तिला गणपूर्तीची अट नसते, आणि त्याच विषयांवर मूठभर लोकांत ठराव होतात. नको असलेले ठराव कसे पास झाले याचा शोध घेताना निम्म्या वेळा मला हीच तहकूब सभा सापडली. दुसरी गोष्ट हजेरीची. हजेरी वहीत सही म्हणजे हजर होतो एवढंच, ठरावाला संमती नाही. पण प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, जागा मोकळी सोडून नंतर ठराव लिहिण्याची वाईट सवय काही ठिकाणी आहे, आणि मग हजेरीच्या सह्या संमती म्हणून दाखवल्या जातात. यावर उपाय साधा आहे. सभा संपायच्या आत झालेले ठराव मोठ्यानं वाचायला लावायचे आणि त्या पानाचा फोटो काढायचा.

पण ग्रामसभा काहीही ठरवू शकते का? नाही. एखाद्या कुटुंबाशी बोलायचं नाही, त्यांना दळण द्यायचं नाही, अमक्या समाजाच्या माणसाला दुकान लावू द्यायचं नाही, असे ठराव करण्याचा अधिकार कुठल्याच सभेला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सरपंचपदाचा लिलाव हाही "गावानं एकमतानं ठरवलं" या नावाखाली होतो. रक्कम देवळाला किंवा गावाच्या कामाला लावली म्हणजे ते पुण्याचं काम झालं, असं लोक मनापासून मानतात. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया याच कारणानं रद्द केली. गरिबाचा उभं राहण्याचा हक्क तिथे बोलीत विकला गेला होता.

याच ग्रामसभेचं खरं बळ बघायचं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांनी सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे जाहीर केलेल्या आदिवासी भागात, तिथल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन, दारूची दुकानं यांबाबत जादा अधिकार आहेत, बाकी गावांत ते तसेच्या तसे नाहीत. मेंढा-लेखाचं यश घोषणेपेक्षा अभ्यासगटांमुळे आलं. आधी बसून कायदा वाचायचा, मग सर्वसहमतीनं ठरवायचं. तिथून घ्यायचं ते हे.

रस्त्यांबद्दल दोन ओळी, कारण शिव्या सर्वांत जास्त त्यासाठी खाव्या लागतात. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गल्लीबोळ आणि गटारं तेवढी आपली. कामाच्या फलकावर यंत्रणेचं नाव लिहिलेलं असतं, तक्रार त्या नावानं करा. घरकुलाचंही लोकांना वाटतं की सरपंच देतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये हप्त्यांनी थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. सरपंचाच्या हातात पैसा येतच नाही, त्यामुळे "घरकुल मंजूर करून देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर तो उघड लाच मागतो आहे. मात्र यादी ग्रामसभेत वाचली जाते आणि चुकीच्या नावावर हरकत तिथेच घ्यायची असते. घरपट्टी तालुक्याला जाते हाही असाच समज. ती ग्रामनिधीत राहते, आणि स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. हे तीन आकडे प्रत्येक ग्रामसभेत विचारा. फार कमी ठिकाणी कुणी विचारतं.

आता उत्तर कसं द्यायचं. ग्रुपवर "हे खोटं आहे, बदनामी केली तर गुन्हा दाखल करू" असं लिहू नका. त्यानं माणूस हट्टाला पेटतो आणि बघणारे म्हणतात, काहीतरी नक्की आहे. शिवाय अफवा खोटी आणि शंका खरी असं पुष्कळदा असतं. एका गावात सार्वजनिक विहिरीच्या कामात अमुक लाख खाल्ले अशी ओरड होती. मी तपासायला गेलो, तो आकडा साफ चुकीचा होता, तेवढं कामच मंजूर नव्हतं. पण मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, मागितलं तर त्यात खोलीची नोंद आणि प्रत्यक्ष खोली जुळेना. फरकाची वसुली लागली. गावानं चुकीचा आकडा धरला म्हणून मी परत फिरलो असतो, तर ते तसंच राहिलं असतं.

म्हणून ज्यानं निरोप टाकला त्याच्या घरी जा, शक्यतो एकट्या नाही, आणि विचारा की त्याला नेमकं काय खटकतंय. मग ग्रुपवर एकदाच उत्तर द्या. त्यात तुमचं मत नको. "2 तारखेला ई-ग्रामस्वराजवर पाहिलं, या वर्षी वित्त आयोगाचे जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. 42 लाख हा आराखड्यातला अंदाज आहे. दोन्ही पानांचे फोटो खाली. सोमवारी अकराला कार्यालयात दप्तर पाहायला या," एवढं पुरे. आणि त्या सोमवारी दप्तर खरोखर टेबलावर असलं पाहिजे. लोक आले आणि कपाटाला कुलूप दिसलं, तर आधीची अफवा शंभर पटींनी खरी होते. दर महिन्याचा जमाखर्च मासिक सभेपुढे येतोच, त्याची एक प्रत कार्यालयाबाहेर चिकटवायला लावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दवंडी अजून उपयोगी पडते. बाजाराच्या दिवशी, पारावर.

तुम्ही सदस्य असूनही ग्रामसेवक दप्तर दाखवत नसतील, तर आधी लेखी मागा आणि पोच घ्या. तरीही नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ आहे. "सर्व कामांची सर्व माहिती" असं लिहू नका, ते फेटाळायला सोपं जातं. कामाचं नाव, वर्ष, आणि कुठले कागद हवेत ते लिहा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पानं, देयक. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करा. अर्जाची पोच मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, अपिलाच्या वेळी सर्वांत आधी तीच मागतात.